गेम अडखळतोय म्हणून प्रोसेसर बदलताय? आधी हे या क्रमाने तपासा

गेली काही वर्षं ओळखीच्यांचे गेमिंग पीसी उघडून बघतोय आणि तक्रार फिरून फिरून तीच येते. ग्राफिक्स कार्ड नवीन घेतलं, एफपीएसचा (सेकंदाला किती फ्रेम, म्हणजे चित्रं, दिसतात त्याचा) आकडाही बरा दिसतो, पण गेम मध्येच गचके खातो, मग कुणीतरी सांगतं की प्रोसेसर जुना झालाय, की लगेच बजेटमध्ये बसेल तो सगळ्यात मोठा प्रोसेसर मागवून मोकळे. तो बसवल्यावर कित्येकांचा गचका तसाच राहतो आणि काहींचा तर पीसीच डिस्प्ले देत नाही. दोन्हीतला बराचसा त्रास टाळता येतो, फक्त क्रम पाळायला हवा. फुकटातलं आधी, स्वस्तातलं मग, प्रोसेसर त्याच्यानंतर आणि बोर्ड सगळ्यात शेवटी.

लक्षणं

तुमचं नेमकं कुठलं आहे ते आधी ओळखा, कारण सगळे गचके एका कारणाने येत नाहीत.

मोकळ्या मैदानात एफपीएस ९० आणि शहरात, बाजारात किंवा मोठ्या लढाईत शिरलात की एकदम ४५.
ग्राफिक्स सेटिंग अल्ट्रावरून लो वर आणलं तरी एफपीएस जवळपास तेवढाच.
गेममागे ब्राउझर किंवा डिस्कॉर्ड चालू असला की आवाज तुटतो, माऊस जड होतो.
पहिली पंधरा-वीस मिनिटं मस्त, मग हळूहळू घसरण.
सगळं छान चाललेलं असताना अख्खा पीसी सेकंदभर थिजतो, आवाजही अडकतो, आणि लगेच पूर्ववत. हे गेमच्या बाहेर, साधा व्हिडिओ बघतानाही होतं.
नवीन प्रोसेसर टाकल्यावर पंखे फिरतात, लाईट लागतात, पण स्क्रीन काळी.

पहिली दोन खरंच प्रोसेसरकडे बोट दाखवतात. तिसरं प्रोसेसरचं असेल किंवा रॅमचं. चौथं बहुतेक वेळा उष्णतेचं. पाचवं रायझनवर (एएमडीच्या प्रोसेसरवर) असेल तर त्याचं एक अगदी ठराविक कारण आहे, ते पुढे सांगतो. सहाव्यासाठी शेवटी वेगळं लिहिलंय, घाई असेल तर थेट तिकडे जा.

आधी मॉनिटरची केबल आणि रिफ्रेश रेट

दोन मिनिटांचं काम. केबल मदरबोर्डच्या पोर्टला आहे की ग्राफिक्स कार्डच्या, हे मागे वाकून डोळ्याने बघा. विंडोजच्या डिस्प्ले सेटिंगमध्ये १४४ हर्ट्झचा मॉनिटर ६० वर राहिलेला मी कितीदा तरी पाहिलाय. गेममधलं व्ही-सिंक (एफपीएसला मॉनिटरच्या रिफ्रेश रेटशी बांधणारं सेटिंग) आणि एफपीएस लिमिटही बघून घ्या, कारण लिमिट लावलेली असेल तर ग्राफिक्स कार्ड निवांत बसलेलं दिसणारच आणि तुम्ही विनाकारण प्रोसेसरला दोष द्याल.

मग मोजा, अंदाज नको

हीच पायरी लोक सोडतात, आणि मला विचाराल तर सगळ्यात महत्त्वाची हीच. एमएसआय आफ्टरबर्नर आणि त्याच्यासोबत येणारं रिव्हाट्यूनर टाका, स्क्रीनवर एवढं दिसू द्या: जीपीयू (ग्राफिक्स कार्ड) वापर, प्रत्येक थ्रेडचा (प्रोसेसरच्या कामाच्या प्रत्येक रांगेचा) वेगवेगळा वापर, प्रोसेसरचं क्लॉक (वेग) आणि तापमान, रॅम वापर, फ्रेमटाइमचा (एका फ्रेमला लागणाऱ्या वेळेचा) आलेख. मग जिथे गचका येतो त्याच जागी पाच मिनिटं खेळा.

जीपीयू ९५ ते ९९ टक्के असेल तर प्रोसेसर बदलून फारसं काही होणार नाही, अडलंय ते ग्राफिक्स कार्डवर. जीपीयू ६०-७० वर घुटमळतोय, एफपीएस कमी आहे आणि लिमिटही नाही, तर प्रोसेसर किंवा रॅम मागे पडतेय.

इथे एक फसगत हमखास होते. टास्क मॅनेजर प्रोसेसर ३५ टक्के दाखवतो, मग लोक म्हणतात की प्रोसेसर तर रिकामाच आहे. पण सहा कोअर बारा थ्रेडच्या प्रोसेसरमध्ये एक थ्रेड पूर्ण भरला तरी एकूण आकड्यात तो फक्त आठ टक्क्यांच्या आसपास दिसतो, आणि बऱ्याच गेमचं मुख्य काम एक-दोन थ्रेडवरच चालतं. तो थ्रेड अडला की बाकीचे दहा रिकामे असून उपयोग नाही, म्हणूनच प्रत्येक थ्रेड वेगळा बघायला सांगितलं.

खात्री करायची फुकट चाचणी म्हणजे रिझोल्यूशन एकदम खाली आणा, १०८० वरून ७२०, बाकी काही बदलू नका. प्रत्येक फ्रेमसाठी आधी प्रोसेसर हिशोब करतो, कोण कुठे आहे, काय आदळलं, काय काय काढायचं, आणि मग ग्राफिक्स कार्ड ती रंगवतं. रिझोल्यूशन कमी केलं की रंगवायचं काम कमी होतं, हिशोब तेवढाच राहतो. एफपीएस भरपूर वाढला तर ग्राफिक्स कार्ड अडत होतं, हललाच नाही तर प्रोसेसरची बाजू अडतेय. ६० एफपीएसला एका फ्रेमसाठी साधारण १६.७ मिलिसेकंद मिळतात, १४४ ला जेमतेम ७, त्यामुळे जो प्रोसेसर ६० वर कधी जाणवला नाही तोच नवीन मॉनिटर आणल्यावर अपुरा पडतो. याची उलट बाजूही आहे, १४४० किंवा ४के वर खेळत असाल तर भार ग्राफिक्स कार्डवर जातो आणि तुमचा जुना प्रोसेसर अजून बराच काळ चालेल.

सरासरी एफपीएसवर जाऊ नका. एक टक्का लो बघा, म्हणजे सगळ्यात वाईट फ्रेम कशा आहेत ते. सरासरी ९० आणि लो ३५ असेल तर हाताला ३५ च जाणवतो.

हे आकडे कागदावर लिहून ठेवा, नंतर लागतील.

रॅम

माझ्या मावसभावाच्या पीसीचं सांगतो. रायझन ५ २६००, आठ-आठ जीबीच्या दोन स्टिक, गेममध्ये भयंकर गचके, प्रोसेसर बदलायचा म्हणून पैसे बाजूला काढून ठेवलेले. साइड पॅनल काढलं तर दोन्ही स्टिक शेजारीशेजारी, प्रोसेसरकडून पहिल्या आणि दुसऱ्या स्लॉटमध्ये. चार स्लॉटच्या बहुतेक बोर्डांवर हे दोन्ही स्लॉट एकाच चॅनेलचे (रॅम ते प्रोसेसर या एकाच वाटेचे) असतात, म्हणजे दोन स्टिक असूनही रॅम सिंगल चॅनेलवर चालू होती. स्टिकवर ३००० लिहिलेलं आणि टास्क मॅनेजर २१३३ दाखवत होता. स्टिक दुसऱ्या आणि चौथ्या स्लॉटमध्ये हलवल्या, बायोसमध्ये (मदरबोर्डच्या स्वतःच्या सेटिंगमध्ये) एक्सएमपी (रॅमला स्टिकवर लिहिलेल्या वेगाने चालवणारं सेटिंग) चालू केलं, झालं. प्रोसेसरची खरेदी वर्षभर पुढे गेली.

तेव्हा टास्क मॅनेजरमध्ये मेमरीचा स्पीड बघा आणि स्टिकवरच्या आकड्याशी ताडून बघा. सीपीयू-झेडमध्ये बघत असाल तर तिथे निम्मा आकडा दिसतो, ३२०० ची रॅम १६०० दिसली तर ते बरोबरच आहे, घाबरू नका. एकच स्टिक असेल तर तशीच दुसरी घ्या, शक्यतो दोनची जोडीच घ्या, आणि ८ जीबीवर अजून असाल तर प्रोसेसरचा विषय काढायच्या आधी १६ करा. रायझनला रॅमचा वेग जास्तच लागू पडतो कारण आतल्या भागांमधली ये-जा रॅमच्या घड्याळाशी बांधलेली असते, म्हणून रायझन ३००० आणि ५००० ला डीडीआर४ ३२०० ते ३६०० मस्त जमतं. पहिल्या पिढीचा रायझन मात्र ३२०० वर कधीकधी रुसतो, तसं झालं तर एक पायरी खाली, २९३३ ला आणा, नवीन रॅम आणायला धावू नका.

तापमान

एचडब्ल्यूइन्फो चालू ठेवून अर्धा तास खेळा. नुसतं तापमान बघू नका, क्लॉक पडतंय का ते बघा. रायझन ५००० ची हद्द मॉडेलप्रमाणे ९० किंवा ९५ अंश आहे, रायझन ७००० चे एक्स अक्षरवाले मॉडेल (एक्स३डी सोडून) तर ताकद लावून ९५ पर्यंत मुद्दामच जातात, त्यामुळे आकडा मोठा दिसला म्हणजे बिघाड असं नाही. तापमान हद्दीला टेकलं आणि क्लॉक खाली आलं तर मात्र आधी धूळ काढा, मग कूलर काढून त्याच्या आणि प्रोसेसरच्या मधली जुनी पेस्ट पुसून नवीन लावा. ब्रश मारताना पंखा बोटाने धरून ठेवा. आणि पीसी कुणाकडून नुकताच असेंबल करून घेतला असेल तर कूलरच्या तळाची प्लास्टिकची पारदर्शक फिल्म काढलीय ना ते बघा, दोनदा सापडलीय मला.

स्वस्त बोर्डवर आणखी एक गोष्ट होते. प्रोसेसर ७० अंशावर थंड असतो आणि तरी क्लॉक धाडकन पडतं. तिथे प्रोसेसरला वीज पुरवणारा बोर्डचा भाग, म्हणजे व्हीआरएम, तापलेला असतो. त्याच्यावर हीटसिंक नसेल आणि तुम्ही आठ कोअरवर जायचा विचार करत असाल तर हा मुद्दा आत्ताच डोक्यात ठेवा, कारण सहा कोअरला दमणारा बोर्ड आठ कोअरला जास्तच दमेल.

बायोस, आणि तो सेकंदभर थिजणारा गचका

रायझनवर एफटीपीएम (सुरक्षेच्या किल्ल्या सांभाळणारी प्रोसेसरमधलीच सोय) चालू असेल तर अधूनमधून पीसी थिजतो, हे एएमडीने मार्च २०२२ मध्ये स्वतः मान्य केलंय. त्याचा उपाय बायोसमधून आला, एजेसा (बायोसमधला एएमडीचा स्वतःचा कोड) १.२.०.७ वर आधारलेल्या बायोसपासून. पाचवं लक्षण तुमचं असेल आणि बायोस त्याच्या आधीचं असेल तर फुकटात सुटणारा प्रश्न आहे, यासाठी प्रोसेसर विकत घेऊ नका.

बायोस अपडेट करायचं अजून एक कारण म्हणजे पुढचा प्रोसेसर. बोर्डाला तो ओळखताच आला नाही तर डिस्प्ले येणारच नाही.

आता प्रोसेसरचं ठरवा

इथवर येऊनही जीपीयू रिकामा आणि एक-दोन थ्रेड भरलेले असतील तर प्रोसेसर बदलायची वेळ खरंच आलीय. टप्प्याटप्प्याने म्हणजे दर पिढीला एक पायरी असं करू नका. १६०० वरून २६००, मग ३६००, मग ५६०० असं चढण्यात पैसे आणि पेस्ट दोन्ही वाया. माझं मत स्पष्ट आहे, त्याच सॉकेटवर (बोर्डवरची प्रोसेसर बसायची जागा) जो शेवटचा चांगला प्रोसेसर परवडतो त्याच्यासाठी थांबा आणि तोपर्यंत रॅम, कूलर, एसएसडी नीट करा.

रायझनच्या एएम४ सॉकेटवाल्यांची इथे चंगळ आहे. २०१७ मध्ये पहिल्या रायझनसाठी घेतलेल्या बऱ्याच बोर्डांवर नवीन बायोस टाकून रायझन ५००० चालतो. ५६०० हा सहा कोअरचा, ६५ वॅटचा, साध्या बोर्डालाही झेपणारा. नुसत्या गेमसाठी पाहिजे असेल आणि बोर्ड बरा असेल तर ५७००एक्स३डी किंवा ५८००एक्स३डी, दोघांचा एल३ कॅश (प्रोसेसरमधलीच छोटी, वेगवान मेमरी) ९६ एमबी आहे, साध्या ५६०० चा ३२, आणि गर्दीच्या जागी एक टक्का लो वर हा फरक चांगला जाणवतो. ५५०० चं नाव ५६०० सारखं दिसतं म्हणून फसू नका, त्याचा एल३ १६ एमबीच आहे आणि ग्राफिक्स कार्ड जोडणाऱ्या पीसीआयई वाटेच्या जुन्या ३.० पिढीवर थांबतो. तुमचं ग्राफिक्स कार्ड त्या वाटेच्या चारच लेन वापरणारं असेल, जसं आरएक्स ६५०० एक्सटी, तर तिथे दुहेरी मार बसतो.

इंटेलला सॉकेट सारखा दिसला म्हणून प्रोसेसर चालेलच असं नाही. एलजीए ११५१ वर सहावी-सातवी पिढी वेगळी आणि आठवी-नववी वेगळी, दोन्ही ११५१ च, पण एकमेकांच्या बोर्डावर चालत नाहीत. एलजीए १२०० च्या एच४१० आणि बी४६० वर अकरावी पिढी साधारणपणे चालत नाही. एलजीए १७०० वाल्यांना बारावीवरून तेराव्या-चौदाव्या पिढीवर जाता येतं, बायोस मात्र आधी अपडेट हवं. आणि वापरलेला तेरावा-चौदावा आय७ किंवा आय९ घेत असाल तर जरा जपून. त्यांच्यात जास्त व्होल्टेजमुळे झीज होऊन गेम क्रॅश होण्याचा प्रश्न निघाला होता आणि इंटेलने २०२४ मध्ये मायक्रोकोड (प्रोसेसरच्या आतल्या कोडचे अपडेट) काढले. पण ते पुढची झीज रोखतात, झालेली भरून काढत नाहीत.

काहीही असो, बोर्डाच्या कंपनीच्या पानावर तुमच्या बोर्डाचं अचूक मॉडेल आणि रिव्हिजन शोधा, प्रोसेसरची यादी उघडा आणि समोर कुठलं बायोस लिहिलंय ते वाचा. रिव्हिजन बोर्डावरच छापलेली असते. यादीत नाव नाही तर तो प्रोसेसर घेऊ नका, कुणी कितीही सांगू दे.

एएम५ (एएम४ नंतरचं एएमडीचं सॉकेट) किंवा नवीन इंटेल म्हणजे नवीन बोर्डही आला आणि एएम५ ला तर डीडीआर५ शिवाय पर्यायच नाही, म्हणून ती उडी सगळ्यात शेवटी.

बदलताना

बायोस जुना प्रोसेसर जागेवर असतानाच अपडेट करा, हे शंभर वेळा सांगायला तयार आहे. पेनड्राइव्ह एफएटी३२ फॉरमॅट, फाइल त्याच मॉडेलची, शक्य असेल तर पीसी यूपीएसवर, आणि मध्ये काही बंद करायचं नाही. काही जुन्या बोर्डांना मधलं एखादं बायोस आधी टाकावं लागतं, ते डाउनलोडच्या पानावर लिहिलेलं असतं, ते वाचा.

विंडोजमध्ये बिटलॉकर किंवा डिव्हाइस एन्क्रिप्शन (डिस्कवरचा डेटा कुलूपबंद ठेवणारी सोय) चालू आहे का बघा. असेल तर रिकव्हरी की दुसऱ्या ठिकाणी लिहून ठेवा आणि बायोसला हात लावायच्या आधीच ते तात्पुरतं थांबवा. कारण नवीन रायझन टाकल्यावर पहिल्यांदा काळ्या स्क्रीनवर इंग्रजीत मजकूर येतो, नवीन सीपीयू बसवलाय, एफटीपीएम रीसेट करायचं का, वाय की एन. बोर्ड बिघडलेला नसतो, हा नेहमीचाच प्रश्न आहे. की हातात असेल किंवा बिटलॉकर नसेलच तर वाय दाबा. की नसताना वाय दाबून डेटा कुलूपबंद झालेला मी पाहिलाय आणि तो परत आणायला कुणाकडेच उपाय नव्हता.

एएम४ चा कूलर सरळ वर ओढू नका. वाळलेली पेस्ट इतकी घट्ट धरते की लिव्हर बंद असतानाही प्रोसेसर सॉकेटमधून उपटून कूलरला चिकटून वर येतो आणि पिना वाकतात. पीसी दहा-पंधरा मिनिटं गेमवर चालवून गरम करा, बंद करा, मागचा प्लग काढा, स्क्रू किंवा क्लिप सोडवा आणि कूलर डावीकडे-उजवीकडे हळूहळू पिळत राहा. थोड्या वेळात हाताला तो सुटल्याचं कळतं, मगच उचला. नवीन प्रोसेसर ठेवताना कोपऱ्यातला सोनेरी त्रिकोण सॉकेटवरच्या त्रिकोणाशी जुळवा, तो आपल्या वजनानेच खाली बसतो. दाबावा लागला तर चुकतंय.

बसवला, पंखे फिरतात, डिस्प्ले नाही

प्रोसेसर खराब निघाला असं लगेच समजू नका.

आधी थांबा. एएम५ आणि डीडीआर५ असेल तर पहिल्या वेळी रॅम ट्रेनिंगला (बोर्ड रॅमशी जुळवून घेतो त्याला) काही मिनिटं जातात, लोक तेवढ्यात तीन वेळा बटण दाबून बंद करतात आणि ते पुन्हा पहिल्यापासून सुरू होतं.

मग केबल. जुन्या प्रोसेसरमध्ये ग्राफिक्स होते आणि नवीन ५६०० आहे किंवा इंटेलचा एफ अक्षरवाला आहे, तर मदरबोर्डच्या पोर्टमधून चित्र येणारच नाही. बोर्डच्या वरच्या कोपऱ्यातली प्रोसेसरची आठ पिनची पॉवर केबल कूलर काढताना सैल झालेली असू शकते, ती क्लिक होईपर्यंत दाबा.

त्यानंतर एकच स्टिक, प्रोसेसरकडून दुसऱ्या स्लॉटमध्ये. मग प्लग काढून बोर्डावरची बटणासारखी बॅटरी पाच मिनिटं काढून ठेवा, म्हणजे जुन्या प्रोसेसरच्या सेटिंग पुसल्या जातात. बोर्डावर छोटे लाईट असतील तर कुठला अडकून राहतो ते बघा. डीरॅमचा असेल तर रॅम परत बसवा, व्हीजीएचा असेल तर कार्ड, सीपीयूचा असेल तर बायोस किंवा पिना.

एवढं करून नाहीच झालं तर जुना प्रोसेसर परत बसवा. कंटाळवाणं काम आहे, पण सगळ्यात जास्त माहिती यातूनच मिळते. जुन्यावर चालू झाला म्हणजे बोर्ड, रॅम, पॉवर सप्लाय सगळं शाबूत, मग बायोसचं व्हर्जन पुन्हा यादीशी ताडून बघा.

कुठे थांबायचं

जुना प्रोसेसर टाकूनही डिस्प्ले नाही, तर अंदाजाने पार्ट मागवत बसू नका, चाचणीला दुसरा बोर्ड आणि दुसरा पॉवर सप्लाय ज्याच्याकडे आहे अशा जाणकाराकडे न्या. इंटेल किंवा एएम५ च्या सॉकेटमधल्या बारीक पिना वाकल्या असतील तर सुई-चिमटा घेऊन बसू नका, भिंग आणि सराव लागतो त्याला. एएम४ प्रोसेसरची एखादी पिन थोडी कलली असेल तर पातळ कार्डाने हळूच सरळ होते, पण तुटली किंवा ओळच्या ओळ झोपली तर थांबा. बायोस अपडेट अर्ध्यात मेलं आणि बोर्डाला फ्लॅशबॅक बटण (पेनड्राइव्हवरून बायोस परत लिहिणारं) नाही, तर चिप प्रोग्रामरने लिहावी लागते, ते दुरुस्तीवाल्याचं काम. जळका वास आला, ठिणगी दिसली, तर प्लग काढा आणि परत चालू करून बघू नका. आणि पॉवर सप्लायचा डबा कधीच उघडायचा नाही, प्लग काढल्यावरही आतल्या कपॅसिटरमध्ये जीवघेणा चार्ज राहू शकतो. वॉरंटीत असेल तर काहीही सोलायच्या, वाकवायच्या आधी वॉरंटीकडेच जा.

डिस्प्ले आला असेल तर एक काम बाकी आहे. बायोस अपडेट केलं किंवा बॅटरी काढली की एक्सएमपी बंद होऊन रॅम परत २१३३ किंवा २४०० वर येते, आणि मग नवीन प्रोसेसर जुन्यासारखाच वाटतो म्हणून फोन येतात. बायोसमध्ये जाऊन ते चालू करा, बिटलॉकर थांबवलं असेल तर तेही परत सुरू करा, आणि त्याच गेममध्ये, त्याच जागी, त्याच सेटिंगवर पाच मिनिटं खेळून कागदावरच्या आकड्यांशेजारी नवीन आकडे लिहा.